डब्यातल्या चिठ्ठीचा अभिनय

वाचक विचारतात

छोट्या, संथ प्रेमकथांबद्दल आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं ‘द लंचबॉक्स’ या एकाच चित्रपटाविषयी आहेत, म्हणून या वेळचं सदर बहुतांशी त्यालाच दिलं आहे. रितेश बत्रा यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. २०१३ साली तो फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या ‘क्रिटिक्स वीक’ विभागात दाखवला गेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्याकडे प्रदर्शित झाला. इला (निम्रत कौर) नवऱ्याचं मन पुन्हा आपल्याकडे वळावं म्हणून नव्या पाककृतीचा डबा पाठवते. तो चुकून सरकारी कचेरीत क्लेमच्या फायली तपासणाऱ्या साजन फर्नांडिस (इरफान खान) या विधुराकडे जातो. मग डब्यातून चिठ्ठ्या सुरू होतात. शेवटाविषयीही पुढे लिहिलं आहे. चित्रपट पाहिला नसेल, तर आधी पाहून घ्या.

प्रश्न : चित्रपट मनापासून आवडला, पण ‘अभिनय छान’ याच्यापुढे मला काही सांगता येत नाही. इरफान तर काहीच करताना दिसत नाही. मग नेमकं बघायचं काय? (नाशिक)

भावना दाखवण्याचं काम तो खरोखरच करत नाही. हात, नाक आणि डोळे मात्र सतत कामात असतात, आणि बघायचं ते तिथे.

पहिला चुकलेला डबा कॅन्टीनमध्ये उघडतो, तो प्रसंग घ्या. लागोपाठ तीनदा बघा. मोबाइलवर नको, हात नीट दिसतील एवढा पडदा हवा. पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद ठेवा. दुसऱ्यांदा चेहऱ्याकडे अजिबात न बघता फक्त हातांकडे बघा. तिसऱ्यांदा आवाजासकट, पण लक्ष एकाच गोष्टीवर : सवयीची हालचाल कुठे अडते?

साजन रोज हॉटेलचा डबा खातो. डबा सोडणं, कप्पे वेगळे करणं ही त्याच्या हाताची वर्षानुवर्षांची सवय. इरफान आधी ती सवय उभी करतो, म्हणजे हात मनाच्या परवानगीशिवाय चालू असतात. मग वास येतो आणि हात क्षणभर रेंगाळतात. तो झाकण उचलतो, वाकून वास घेतो, पुन्हा बघतो. आधीचं यांत्रिक उघडणं आपल्याला दिसलं नसतं, तर नंतरचं रेंगाळणं कळलंच नसतं. सूक्ष्म अभिनयाचा पाया असा आधीच घालावा लागतो.

कच्चा नट इथे काय करेल? भुवया उंचावेल, आजूबाजूला बघेल, मान डोलावेल. ते चुकतं, कारण साजन एकटा जगणारा माणूस आहे. जेवण आवडलं हे सांगायला त्याच्यासमोर कुणी नाही, आणि सांगायची सवय केव्हाच सुटली आहे. ज्याला कुणाला दाखवायचं नाही, त्याचा चेहरा दाखवण्यासाठी हलत नाही. इरफानचा संयम ही त्याची शैली आहेच, पण या पात्राची ती गरजही आहे. दोन्ही जुळतात म्हणून तो संयम ताणलेला वाटत नाही.

यानंतर चिठ्ठी वाचण्याचे प्रसंग बघा. पडद्यावर ही अत्यंत अवघड गोष्ट. लिहिणाऱ्याचा आवाज ऐकू येत असतो आणि वाचणाऱ्याला गप्प बसायचं असतं. आवाज दुःखाचं सांगत असताना चेहराही तेच दुःख दाखवू लागला, तर दोघांपैकी एक फालतू ठरतो. इरफान वाचताना फक्त वाचतो. डोळे ओळीवरून सरकतात, मध्येच थांबतात, मागे जातात. प्रतिक्रिया येते ती वाचून झाल्यावर, आणि तीही बहुधा कृतीतून. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच टेबलावरच्या डब्याच्या पिशवीचा वास घेणं, हे त्याचं आदल्या दिवशीच्या चिठ्ठीला दिलेलं उत्तरच आहे.

प्रश्न : दोघं एकमेकांना कधी भेटत नाहीत. मग हे प्रेम आहे असं आपण का मानतो? लेखकानं ते कसं पटवलं? (डोंबिवली)

टप्प्याटप्प्यानं, आणि पहिला टप्पा मुद्दाम अगदी कोरडा ठेवून. डबा चाटूनपुसून रिकामा परत आला याबद्दल इला आभाराची चिठ्ठी पाठवते, सोबत नवऱ्याच्या आवडीचं पनीर. उलट उत्तर येतं : आज मीठ जास्त होतं. एवढंच. पटकथा शिकणाऱ्यांनी हे उत्तर वहीत लिहून ठेवावं. या एका ओळीतून साजनची तुसडेगिरी कळते आणि त्याचा प्रामाणिकपणाही. मुख्य म्हणजे इलाला चिडायचं कारण मिळतं. चिडून ती पुढच्या डब्यात मिरची वाढवते, त्यावर तो मिठाचं ठीक पण तिखट जरा जास्त असं कळवतो आणि आग विझवायला दोन केळी खाल्ल्याचं सांगतो. कौतुकाला कौतुकानं उत्तर मिळालं असतं तर दोन पत्रांत सगळं संपलं असतं. तक्रारीमुळे देवघेव सुरू राहते.

दुसरी गोष्ट : दोघं एकमेकांना भावना कळवत नाहीत, दिवस कळवतात. ती वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकूंबद्दल लिहिते. तो गेलेल्या बायकोनं टीव्हीवरून टेप करून ठेवलेल्या जुन्या मालिकांबद्दल लिहितो. एकानं थोडं उघड केलं की दुसरा त्याहून थोडं अधिक उघड करतो. हा चढ मोजून पाहता येतो. कागदावर तीन रकाने आखा : चिठ्ठीत काय सांगितलं, काय लपवलं, आणि आपल्याला प्रेक्षक म्हणून त्याखेरीज काय माहीत आहे. इला नवऱ्याचा शर्ट धुवायला टाकताना हुंगते आणि तिला दुसऱ्या बाईची खात्री पटते, हे आपण पाहिलेलं असतं. मग तिच्या चिठ्ठीची जेमतेम एखादी ओळही जड लागते. तिसरा रकाना रिकामा राहिला असता, तर चिठ्ठ्या गोड वाटल्या असत्या, पण पोटात तुटलं नसतं.

प्रश्न : देशपांडे काकू एकदाही दिसत नाहीत, तरी सगळ्यांत जास्त लक्षात राहतात. हे कसं साधलं असेल? (कोल्हापूर)

आवाज भारती आचरेकरांचा, हे अर्धं उत्तर. आपल्या प्रेक्षकाच्या कानात तो आवाज दूरदर्शनपासून मुरलेला आहे, त्यामुळे चेहरा आपण आपोआप पुरवतो. उरलेलं अर्धं निम्रत कौरचं. काकूंशी बोलताना तिची नजर आणि हनुवटी खिडकीतून वर जाते, आणि आवाज एका मजल्यापलीकडे पोचेल इतकाच चढतो. हात मात्र फोडणीत असतात. समोर कुणी नसताना नजरेची जागा आणि आवाजाची पट्टी प्रत्येक वेळी तीच राखणं सोपं नसतं. एकदा जरी ती चुकली असती, तरी वरचा मजला खोटा पडला असता. दोरीनं खाली येणारी टोपली ही तिला मिळालेली भक्कम मदत. काकूंचा हात जणू तिथपर्यंत पोचतो.

लेखनातही काकूंना फक्त सल्ले देण्यावर ठेवलेलं नाही. त्यांचा नवरा पंधरा वर्षं अंथरुणाला खिळलेला आहे आणि छताच्या पंख्याकडे टक लावून असतो. स्वयंपाकाच्या गप्पांत हे सहज येऊन जातं, आणि मग त्यांचा उत्साह वेगळाच ऐकू येऊ लागतो. मदतनीस पात्राला स्वतःचं एक ओझं द्यावं, पण त्याचं रडगाणं करू नये, याचा हा उत्तम नमुना.

प्रश्न : शेखचं पात्र विनोदासाठी घुसडलंय का? प्रेमकथेत त्याची गरज काय? (अकोला)

त्याला काढून बघा. साजन चिठ्ठ्यांत बदलतोय हे कळेल, पण तो जगात बदलतोय याचा पुरावा उरणार नाही.

निवृत्त होणाऱ्या साजनच्या जागी येणार म्हणून शेख (नवाजुद्दीन सिद्दीकी) काम शिकायला येतो, आणि साजन त्याला आज-उद्या करत टाळतो. नवाजुद्दीन या पात्राला चिकाटी देतो : अपमान न समजल्यासारखं हसत पुन्हा उभं राहणं. दोघांमधलं अंतर चित्रपटभर बघत जा. आधी शेख टेबलापाशी उभा. मग कॅन्टीनमध्ये समोर बसलेला. मग एकाच डब्यातून खाणारा. मग लोकलमध्ये शेजारी बसून ऑफिसच्या फाइलवर भाजी चिरणारा. मग चिठ्ठ्यांपलीकडचं कुटुंब : शेखच्या लग्नात मुलाकडच्या बाजूनं फोटोला उभा राहतो तो एकटा साजन. दिग्दर्शकानं ही मैत्री जागांमधून रचली आहे.

शेख बोलताना सारखा आईचा हवाला देतो आणि मग कळतं की तो अनाथ आहे. साजन त्याला पकडतो तेव्हा शेखचं स्पष्टीकरण साधंच असतं : तसं म्हटलं की बोलण्याला वजन येतं. पात्रलेखन म्हणतात ते हेच. एक लकब आधी हसवते, आणि कारण कळल्यावर तीच लकब हसू देत नाही. पुढे शेखच्या हिशेबातल्या चुका साजन साहेबांपुढे स्वतःवर घेतो. पस्तीस वर्षांच्या नोकरीत चूक न केलेल्या माणसानं हे करणं ही इलाच्या चिठ्ठ्यांची खरी पोचपावती आहे.

प्रश्न : लिलेट दुबेंना एवढी छोटी भूमिका कशाला? (ठाणे)

त्या भूमिकेतला तो एक प्रसंग पुन्हा बघावा अशी विनंती. इलाचे वडील दीर्घ आजारानंतर गेले आहेत, प्रेत घरात आहे, आणि आई (लिलेट दुबे) म्हणते की तिला भूक लागली आहे, पराठे खावेसे वाटतायत. मग सांगते की नवरा गेल्यावर माझं काय होईल अशी धास्ती होती, आणि आता फक्त भूक आहे. सुरुवातीला प्रेम होतं, पुढे रोजचा नाश्ता, औषध, आंघोळ यांत किळस येऊ लागली होती. लिलेट दुबे हे कबुलीजबाबासारखं बोलत नाहीत. थकलेल्या माणसाचा हिशेब सांगावा तसं बोलतात. रडल्या असत्या तर आपल्याला दया आली असती आणि प्रसंग तिथेच मिटला असता. रडत नाहीत म्हणून आपण इलाकडे बघतो. समोर स्वतःची पुढची तीस वर्षं बसलेली तिला दिसतात. घर सोडण्याचा तिचा निर्णय पुढे अचानक वाटत नाही, तो या प्रसंगामुळे.

प्रश्न : माटुंग्याच्या हॉटेलात ती वाट बघत बसते आणि तो येऊनही भेटत नाही. मला फार राग आला. हा उगाच लांबवलेला विरह नाही का? (सातारा)

राग येणं बरोबर आहे, इलालाही येतो. पण लेखकानं या नकाराची तयारी आधी केली आहे की नाही, हे तपासायला हवं. त्या सकाळी साजन न्हाणीघरात जातो आणि तिथे त्याला आजोबांचा वास येतो. मग लक्षात येतं की तो वास त्याचा स्वतःचाच आहे. लोकलमध्ये एक तरुण त्याला ‘अंकल’ म्हणून जागा देऊ करतो. दोन छोटे धक्के, दोन्ही शरीराशी निगडित. चिठ्ठीत वय नसतं, हॉटेलच्या टेबलाशी असतं. तो घाबरतो ते तिला नव्हे, तिच्या नजरेत स्वतःला बघायला. पुढे तो लिहितो की कालचं लॉटरीचं तिकीट कुणी विकत घेत नाही.

कूलर अँड कंपनी या माटुंग्याच्या हॉटेलातला तो प्रसंग निम्रत कौरसाठी कसोटीचा आहे, कारण तिला फक्त बसायचं आहे. तिनं वाट बघण्याचे तुकडे पाडले आहेत : दाराकडे नजर, पाणी, पर्सशी चाळा, पुन्हा दार, आणि मग दाराकडे बघणंच बंद. उमेद संपल्याचं कळतं ते या शेवटच्या तुकड्यावरून. आपण तिच्याबरोबर वाट बघतो आणि तो तिथेच बसून तिला बघत होता हे नंतर त्याच्या चिठ्ठीतून कळतं. ही माहिती उशिरा देण्याचा निर्णय संकलन आणि पटकथा या दोन्हींचा आहे. त्याला आधीच दाखवला असता, तर आपण तिला सोडून त्याच्याकडे बघत बसलो असतो.

प्रश्न : मुंबईचे डबेवाले चुकत नाहीत अशी ख्याती आहे. मग कथेचा पायाच कच्चा नाही का? (पुणे जिल्हा)

या शंकेला चित्रपट बगल देत नाही. इला तक्रार करते तेव्हा डबेवाला चूक साफ नाकारतो आणि डबेवाल्यांच्या कामाचा अभ्यास करून गेलेल्या हार्वर्ड विद्यापीठवाल्यांचा दाखला देतो. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही व्यवस्था. तिच्यात मुख्यत्वे मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर भागातली माणसं. डब्यावर रंगानं खूण असते : कुठल्या स्टेशनावर उतरवायचा, कुठली इमारत, कितवा मजला. डबा हातोहात जातो आणि प्रत्येक जण खूण बघून पुढे देतो.

आता लक्ष द्या. चित्रपटात डबा एकदाच चुकत नाही, रोज त्याच ठिकाणी चुकतो. माणसाच्या धांदलीची चूक दररोज तशीच होत नाही. खुणेतली चूक मात्र होते, कारण पुढचे सगळे तीच खूण वाचतात. तिकडे इलाच्या नवऱ्याला रोज हॉटेलची फ्लॉवरची भाजी मिळते आणि तो घरी येऊन फ्लॉवरबद्दल बोलतो. म्हणजे अदलाबदल दोन्हीकडून पक्की बसवली आहे. कथेत एक योगायोग सुरुवातीला चालतो. पुढचं सगळं पात्रांच्या स्वभावातून यावं लागतं. इथे तसंच येतं.

प्रश्न : आमचा हौशी गट आहे. चिठ्ठ्यांवर आधारित एकांकिका बसवतोय. इतका शांत अभिनय केला की मागच्या रांगेला काही दिसत नाही, मोठा केला की नाटकी होतं. काय करावं? (सांगली)

कॅमेऱ्याची नक्कल करू नका. इरफानचा रेंगाळलेला हात क्लोज-अपमुळे दिसतो. रंगमंचावर तो विसाव्या रांगेतून दिसणार नाही. पण त्याचं तत्त्व उचलता येतं : आधी सवय, मग अडखळणं.

पात्राला एक ठाम ‘बिझनेस’, म्हणजे रंगमंचावर करत राहायचं काम द्या, पूर्ण शरीर गुंतवणारं. कपड्यांच्या घड्या, पिठाचा डबा भरणं, फायली बांधणं. चिठ्ठीपूर्वी ते किमान अर्धा मिनिट एकाच लयीत चालू दे. मग लय मोडा. नजरेचा बदल मागे पोचत नसेल तर मान वळू दे, मान पुरत नसेल तर खांदा. चेहऱ्याचं काम वाढवू नका, कारण नाटकीपणा तिथून येतो.

ध्वनिमुद्रित आवाजातली चिठ्ठी साठ-सत्तर शब्दांवर नेऊ नका. तेवढ्याला सुमारे अर्धा मिनिट लागतो, त्यापुढे बसलेल्या नटावरून प्रेक्षकाचं लक्ष उडतं. मोठी चिठ्ठी असेल तर दोन तुकडे करा आणि मध्ये एखादी मूव्ह, म्हणजे रंगमंचावर जागा बदलणं, द्या. कागद मांडीवर ठेवला की मान खाली जाते आणि डोळे हरवतात. छातीच्या उंचीवर, किंचित तिरका धरा, म्हणजे तीन चतुर्थांश चेहरा प्रेक्षकांकडे राहील. कागद कोरा नको. चिठ्ठी खरी लिहून ठेवा, तालमीपासून. कोऱ्या कागदावर नटाची नजर खोटी सरकते आणि ते पहिल्या रांगेला लगेच कळतं.

शांत बोलताना आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे वाक्याचा शेवट गिळणं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, ते पडलं की वाक्याचा अर्थच पडतो. पट्टी खालची ठेवा, पण शेवटच्या शब्दावर श्वास शिल्लक हवा. तालमीत एकाला मागच्या भिंतीशी उभं करून फक्त क्रियापदं ऐकायला सांगा.

प्रश्न : भरपूर बोलणाऱ्या प्रेमकथांतला अभिनय कमी प्रतीचा मानायचा का? (पुणे)

मुळीच नाही. सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) जवळजवळ सगळा स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे यांच्या बोलण्यावर चालतो, पुण्यातल्या एका दिवसात. तिथे बोलणाऱ्याकडे न बघता ऐकणाऱ्याकडे बघा. मुक्ता बर्वे वाद घालताना समोरच्याचं वाक्य संपण्याआधी उत्तर ठरवते आणि कधीकधी ते गिळते. बोलक्या चित्रपटात पात्र उलगडतं ते या गिळलेल्या उत्तरांत.

प्रश्न : याच जातीचा आणखी एक चित्रपट सुचवा, आणि काय बघायचं तेही सांगा. (गोवा)

रोहेना गेरा यांचा ‘सर’. २०१८ साली कानच्या क्रिटिक्स वीकमध्ये गेला, आपल्याकडे चित्रपटगृहांत नोव्हेंबर २०२० मध्ये आला. मुंबईतल्या श्रीमंत घरात राहून काम करणारी, महाराष्ट्रातल्या खेड्यातून आलेली तरुण विधवा रत्ना (तिलोत्तमा शोम) आणि घरमालक अश्विन (विवेक गोम्बर). शेजारच्या घरात काम करणाऱ्या लक्ष्मीच्या भूमिकेत गीतांजली कुलकर्णी आहेत. त्यांच्याबरोबर असताना रत्नाचे खांदे कसे सैल पडतात ते बघा, म्हणजे मालकासमोर ती शरीर किती आवरून धरते ते कळेल.

गावाहून मुंबईला येताना ती बसमध्ये बांगड्या चढवते. एकही शब्द न बोलता गाव, वैधव्य आणि शहर तीनही सांगून होतं. एक कॅमेऱ्याची चाल त्याच्या खोलीतून भिंत ओलांडून तिच्या खोलीत जाते, ती चुकवू नका. आणि एक तक्ता करा : प्रत्येक प्रसंगात कोण बसलं आहे, कोण उभं आहे, कोण दाराच्या चौकटीत आहे. नातं कुठे सरकलं ते संवादांआधी त्या तक्त्यात दिसेल. शेवटच्या शब्दाविषयी आधी कुणाकडून ऐकू नका. तोवर ती ‘सर’ किती तऱ्हांनी म्हणते, तिकडे कान ठेवा.